तेरेझाबाईंचा काळा रुमाल

हे आजवर कुणाला बोलले नाही. आज तरी सगळं बोलवेल का — बघते.

सहावीतच शाळा सुटली. पुढं लग्न, आणि मग गडचिरोलीकडून एकटीच इथं, संभाजीनगरात आले. काकूंनी घरकामाला ठेवलं, राहायला खोली दिली. त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण त्यांना सांगितलं काय? — नवरा सुरतेला कामाला आहे. तो वारलाय. गळ्यातलं मी काढलंच नाही. कळलं तर ठेवतील का, ही धाकधूक रोजची.

मग वरच्या खोलीत पोर्तुगालच्या तेरेझाबाई आल्या, हिमरूचं विणकाम शिकायला. डोक्याला कायम काळा रुमाल, हनुवटीखाली गाठ. एकदा त्यांनी बॅगेतून दुसरा काढला — लालभडक, फुलाफुलांचा, काठाला झालर. मोबाइलवर मराठी करून मला सांगितलं, गावच्या जत्रेत बायका असा लाल बांधतात. नवरा गेला की जन्मभर काळा. बारा वर्षं झाली म्हणाल्या, आणि लाल रुमालावरून हात फिरवत हसल्या.

मला त्या हसण्याची चीड आली. ही बाई आपलं रंडकेपण डोक्यावर बांधून गावभर फिरते, वर सगळे तिला मान देतात — आणि मी? मणी मुठीत धरून जगायचं?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी त्यांना मुद्दाम खाली बोलावलं. शेजारच्या वहिनी हसल्या, "अगं बाई, पाहुण्यांना लईच थंडी वाजती वाटतं!" रुमालाचा अर्थ तिथं कुणालाच ठाऊक नव्हता. मला होता.

कुणी विचारलं नव्हतं — तरी मी काकूंच्या कानाशी लागले. "त्यांना नवरा नाही. तो काळा रुमाल त्यासाठीच." हळूच म्हणाले, पण वहिनींना ऐकू जाईल इतपत.

कुंकवाचं बोट हवेतच थांबलं. तेरेझाबाईंनी रुमाल मागं सारून कपाळ पुढं केलं होतं. मग सगळ्यांची तोंडं बघून त्यांनी रुमाल पुढं ओढला, गाठ आवळली आणि जिना चढून गेल्या.

काकूंचं बोट वळलं. शेजारी मीच उभी होते. मी मान पुढं केली, कुंकू लावून घेतलं. वाणसुद्धा घेतलं.

काकू अजून विचारतात, सुरतेहून फोन आला का गं?

मी हो म्हणते.