मेणावरचा अंगठा
शेजारी पेंटरनं थिनरचा डबा उघडला की मला नगरच्या कॉलेजातली ती पडदे ओढलेली खोली आठवते. एकाहत्तर-बहात्तर साल असेल, मी एम.एस्सी.ला होतो. तिथं काचेच्या कुपीत थिनरसारख्याच वासाचा द्रव असायचा, त्यावर किरणोत्सारी किरण पडले की बारीकशी चमक उठायची. गॅमाची लगेच विझायची, न्यूट्रॉनची शेपटी जरा रेंगाळायची, आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर उमटणाऱ्या त्या शेपटीवरूनच आम्ही दोघांना ओळखायचो. कुपीत हवा शिरली तर शेपटी आखूड होते, म्हणून पाथर्डीकडचे आमचे शिपाईमामा दर आठवड्याला आत नायट्रोजन सोडून झाकण मेणानं बंद करायचे. एका दुपारी मी नुसता वास घ्यायला झाकण काढलं आणि मेण अंगठ्यानं दाबून परत बसवलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर सगळ्या शेपट्या सारख्याच आखूड. सरांना काही उमगेना. मामा वाकून बघत म्हणाले, "वारं शिरलंय, सायेब." सर आमच्याकडे वळले, "बघा, चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक!" "म्या न्हाई उघडली," मामा म्हणाले, तसे सगळे हसले, सगळ्यात मोठ्यानं मी. त्याच आठवड्यात मामांना सायकल स्टँडवर उन्हात बसवलं. खोलीची किल्ली माझ्याकडे देताना त्यांनी खिशातून मेणाचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला, "हे तुमचं ऱ्हायलं हुतं." त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता. मी तो बर्नरवर वितळवला आणि त्यानंच कुपी बंद केली. प्रॅक्टिकलला मी पहिला आलो, हे अजून नातवंडांना सांगतो. मेणाचं तेवढं सांगत नाही.