सांध्यातली खडी

काब्बा गावाजवळच्या काँक्रीटच्या रस्त्यावर अबोसेदे बारा वर्षं एकच काम करत आली होती. दोन स्लॅबमधल्या फटीत लोखंडी आकडा घालून अडकलेली वाळू, खडी उकरून काढायची. पहाटेच्या गारठ्यात स्लॅबच्या कडा किंचित उचललेल्या असत. सिमेंटची पोती लादलेला ट्रेलर त्यांच्या कोपऱ्यावरून गेला की खालून पोकळ धप्प असा आवाज येई. दुपारी तेच स्लॅब तापून पसरत आणि फटी आवळत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गुडघे झिजवूनच कळलं होतं.

त्या वर्षी ठेकेदाराने निम्मी माणसं काढली. चढावरच्या फटी खडीने गच्च भरल्या.

"ह्यांना पसरायला जागाच उरली नाही," ती मुकादमाला म्हणाली. "उन्हात उसळतील."

"मावशी, काँक्रीट आहे ते. अकाराच्या वड्यांचं पीठ नव्हे फुगायला."

मार्चमधल्या एका दुपारी चढावर ती एकटीच होती. फटीच्या कडेचे कपचे ताडताड उडायला लागले. तिने कोयत्याने फांद्या तोडल्या आणि रस्त्यावर आडव्या टाकल्या.

पहिला ट्रेलर आला तो अजिबोये नावाच्या ड्रायव्हरचा. महिन्यापूर्वी अशाच फांद्या टाकून दरोडेखोरांनी त्याच्या भावाला याच रस्त्यावर मारलं होतं. तो चाकाचा पाना घेऊन खाली उतरला.

"बाकीचे कुठे दडलेत?"

"कोणी नाही रे बाबा. रस्ता फुटतोय, पुढे जाऊ नकोस."

पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा तिने हातावर झेलला, तेव्हा मनगटाचं हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. ती पडली तरी तो कमरेत लाथा घालत राहिला. मग फांद्या तुडवत त्याने ट्रेलर पुढे काढला.

वीस पावलांवर जमीन स्फोटासारखी कडाडली. दोन स्लॅब एकमेकांना रेटत कमरेएवढे उभे राहिले. ट्रेलरचा पुढचा आस तुटला, केबिन आडवी झाली, पोती फुटून सिमेंटचा पांढरा लोट उठला. आत अजिबोये ओरडत होता.

मागून प्रवाशांची बस येत होती. अबोसेदे मोडका हात पोटाशी धरून रस्त्याच्या मधोमध जाऊन बसली. बस तिच्यापासून दोन हातांवर थांबली.

"तुला कोणी मारलं?" उतरलेल्यांनी विचारलं. तिने केबिनकडे पाहिलं. एकाने दगड उचलला, दुसऱ्याने त्याच्या गळ्यात टायर घालून जाळायची भाषा केली.

"आधी त्याला बाहेर काढा," ती म्हणाली. "त्याच्यावर पहिला हक्क माझा आहे."

गुडघ्याखाली चेंगरलेला पाय घेऊन तो बाहेर आला. तिने त्याच्याजवळ जाऊन डाव्या हाताने एक थोबाडीत ठेवून दिली. मग बसवाल्याला म्हणाली, "दोघांनाही दवाखान्यात ने."

त्याचा पाय कापावा लागला. तिचं मनगट वाकडंच जुळलं. दवाखान्यात त्याच्या बायकोने येऊन तिचे पाय धरले, पण अबोसेदे भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आता आकडा तिच्या हाताला पेलवत नाही. ती फटी उकरायला आलेल्या नव्या पोरींच्या मागे उभी राहते आणि फट पुरती मोकळी झाल्याखेरीज कुणाला उठू देत नाही.