टिफिनवालीची साक्ष

माझ्याच वकिलाने मला टिफिनवाली म्हटलं, तेव्हा त्याचा माईक बंद होता. त्याला वाटलं, माईक बंद म्हणजे आपण जगात एकटे. शिकलेल्या माणसांचा यंत्रावर फार विश्वास असतो.

त्या दिवशी कामगार कोर्टात माझ्या केसची तारीख होती आणि मी नवागामच्या आमच्या खोलीत, शेजारच्या पिंकीच्या मोबाईलसमोर बसले होते. वकीलसाहेबच म्हणाले होते, मावशी, कशाला हेलपाटे घालता, आता सगळं घरबसल्या होतं, लिंक पाठवतो. तुम्ही फक्त माईकला हात लावू नका. हात जोडून बसा, बोलायचं ते मी बोलतो. वकील मला गुजरात सरकारकडून फुकट मिळाला होता. फुकट मिळालेल्याला नाक कशाला मुरडा, म्हणून मी चांगली साडी नेसून, पदर सावरून बसले. पडद्यावर माझ्या चौकोनाखाली नाव आलं, पिंकी. म्हणजे माझ्याच केसला मी पिंकी म्हणून हजर होते.

केस साधी होती. सात वर्षं मी एका लूमच्या शेडमध्ये, यंत्रमागांना लागणाऱ्या सुताच्या बॉबिन भरल्या. एके दिवशी मशीनच्या पट्ट्यात उजवा हात सापडला आणि दोन बोटं गेली. शेठने कोर्टात लिहून दिलं की ही बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच. हिचा नवरा लूम चालवायचा, ही त्याला टिफिन द्यायला यायची, मध्येच मशीनला हात लावून बसली. मस्टरवर माझं नाव नव्हतं, हे खरं. बॉबिन भरणाऱ्या बायांचं नाव मस्टरवर कुणी लिहीतच नाही. आधी नाव लिहायचं नाही, मग नाव कुठंय म्हणून विचारायचं. शेठला एवढी अक्कल आपली आपण येणं शक्य नव्हतं. ती त्याने वकिलाकडून विकत घेतली असणार. नवऱ्याला तर त्याने त्याच आठवड्यात काढला. तो आता हजीऱ्याच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे कामाला जातो.

शेडबद्दल एक सांगायला हवं. सगळे लूम एकदम चालू असले की शेजारी उभ्या माणसाची हाक ऐकू येत नाही. तिथं सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. पहिल्या वर्षी चुकतं, दुसऱ्या वर्षी जमतं, मग खानदेशी, उडिया, गुजराती, कुणाचेही ओठ वाचता येतात. शेठ काचेच्या केबिनमध्ये बसून फोनवर आम्हा बायांबद्दल काय काय बोलायचा, ते आम्ही बॉबिन भरता भरता वाचायचो. सुट्टी झाली की त्याची नक्कल करून हसायचो. रडावं असं पुष्कळ असायचं त्यात. तरी हसायचो.

तर पडद्यावर दुसऱ्या कुणाची केस चालली होती. माझा वकील त्याच्या चौकोनात बसून बाजूच्या कुणाशी तरी बोलत होता. मी सहज त्याच्या तोंडाकडे बघितलं. सवयच ती.

"आ टिफिनवाळीनुं पतावी दउं, पछी जमवा जईए. एने क्यां खबर पडवानी छे."

या टिफिनवालीचं उरकतो, मग जेवायला जाऊ. तिला कुठं काय कळणारे.

शेठ म्हणाला असता तर मला काही वाटलं नसतं. तो तर समोरच्या बाजूचा. पण हा माझा वकील होता. माझा तुटका हात बघून अरेरे म्हणालेला. माझे कान तापले. आणि लाज मलाच वाटली, जणू मी खरंच डबा घेऊन त्याच्या दारात उभी होते. त्या लाजेची मला आजही चीड येते.

मग आमची केस पुकारली. त्याने माईक चालू केला आणि आवाज एकदम गोड झाला. जजसाहेबांनी विचारलं, तुमचे साक्षीदार? तो म्हणाला, आमच्याकडे कुणी नाही. मंदाताई सात वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. काम गेलं तरी चालेल, साक्ष देते, असं ती त्याच्या ऑफिसात जाऊन सही करून आली होती. तो कागद त्याने कुठं टाकला, देव जाणे. साहेब म्हणाले, मग पुढच्या तारखेला निकाल.

मी माईकचं बटण दाबलं. साहेब, साक्षीदार आहे, एवढंच बोलले. तिकडून कुणीतरी माझा आवाज बंद केला. मी पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. ही पिंकी कोण, काढा तिला, असं कारकुनाचे ओठ म्हणाले. आणि मी कोर्टाबाहेर फेकली गेले, घरात बसल्या बसल्या.

मंदाताईची खोली मागच्याच गल्लीत. तिला जाऊन सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल जाऊ दे. तिने पायात चपला घातल्या.

"कसाले घाबरस? चाल कोर्टात. मी येस तुनासंगे."

रिक्षाने पोहोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी संपली होती. वकीलसाहेब स्वतः हजर होते. दुपारी त्यांची एका मोठ्या पार्टीची केस होती. मोठ्यांना लिंकवर भागवत नाहीत.

ती केस संपली तशी मी पुढे झाले. शिपाई आडवा आला, पण साहेबांनी बोलू दिलं. मी सगळं सांगितलं, त्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. वकीलसाहेब हसले. म्हणाले, साहेब, माझा माईक तर बंद होता, या बाईला ऐकू कसं जाणार? मी असं बोललोच नाही, हे म्हणायचं त्यांना सुचलंच नाही. एवढे शिकलेले.

साहेबांनी मला विचारलं, मग तुम्ही ऐकलं कसं?

"ऐकलं नाही साहेब, वाचलं. लूमच्या शेडमध्ये सात वर्षं बसलं की ओठ वाचता येतात. टिफिन देऊन परत जाणारीला येत नाहीत."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, हा काही पुरावा होत नाही, जे सांगायचंय ते लिहून द्या.

बाहेरच्या बाकावर बसून मी डाव्या हाताने लिहिलं. वेळ लागला. वकीलसाहेब येऊन उभे राहिले, मावशी, तुमचा गैरसमज झाला म्हणाले. मी त्यांच्याकडे बघून, आवाज न काढता, ओठांनी सावकाश उत्तर दिलं. ते वाकून, काय, काय, करत राहिले. मंदाताईने मात्र वाचलं आणि हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

अर्ज घेतला गेलाय. काय होईल ते माहीत नाही. त्यात लिहिलंय की मला हा वकील नको आणि लिंकही नको. शेठला कोर्टात समोर उभा करा. त्याने हवं ते बोलावं, फक्त आवाज काढू नये. मी आणि मंदाताई त्याचे ओठ बघू, मग दोन वेगळ्या खोल्यांत बसून तो काय बोलला ते लिहून देऊ. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि मग सांगा, मी तिथं डबा द्यायला जात होते का. या कोर्टाने नाही मानलं तर वरच्या कोर्टात हाच अर्ज देईन, पुन्हा डाव्या हाताने. तारखेला मी पिंजऱ्यात उभी राहणार आणि पुकारायचं तर माझ्याच नावाने पुकारायचं. पिंकी म्हणून पुकारलं तर मी हलणार नाही.