अक्काची मजुरी

अक्का स्वतःच्या गिरणीत स्वतःच्या घरचं दळणसुद्धा पैसे देऊन दळायची. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे, आधी मीही हसले होते. घरच्या तांदळाचा डबा अगोदर काट्यावर चढायचा, मग कमरेच्या बटव्यातून पैसे निघायचे, आणि ते गल्ल्यात टाकताना अक्का रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "बघा गो, मालकीण पण फुकट दळत नाय." बायका तोंडाला पदर लावायच्या. पण त्यानंतर "आपल्यातलीच हाय, राहू दे पैसे" असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

ही गिरणी पोलादपूरला, महाबळेश्वरचा रस्ता फुटतो त्याच्या जवळच. पिठाची चक्की आणि शेजारी मिरची-मसाल्याचं कांडप. मी महाडची. कोर्टासमोर आमचं टायपिंगचं दुकान होतं. 'आमचं' म्हणजे पाटी थोरल्या भावाच्या नावाची आणि बोटं माझी. नव्वदच्या दशकात लोकांना अर्ज कुठला आणि तो कुणाला करायचा इथपासून सगळं आम्हीच सांगायचो. अक्का आली ती गिरणीसाठी थ्री फेज विजेचा अर्ज टाईप करून घ्यायला. पस्तिशीची ठसठशीत बाई, पायात धुळीनं भरलेल्या चपला. बसली आणि माझीच उलटतपासणी घ्यायला लागली. व्यवसाय कर एकदाच की दरवर्षी? गिरणी बंद राहिली तरी भरायचा? बाईमाणसाला वेगळा हाय काय? मला घाई होती, मी वैतागले. ती शांतपणे म्हणाली, "तुला वैतागायला काय जातंय, पैसे माझे जाणार हायत." आणि पुढचा प्रश्न विचारला.

तेव्हा गिरणी काढणाऱ्याला जो तो एकच शहाणपण शिकवायचा. घरच्या मीटरवरच चालव, पंचायतीला कळवू नको, कशाला उगाच घरपट्टी वाढवून घेतेस? माझ्या भावानंही तेच सांगितलं, तेही मोठ्या उपकाराच्या सुरात. अक्कानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चोरून चालवली की ज्याला ज्याला ठाऊक तो तो माझा मालक. मला एवढे मालक परवडायचे नायत." दुकानाच्या दरानं येणारी वीज महाग होती, पंचायतीची पट्टी वाढणार होती, व्यवसाय कर वेगळाच. हे सगळं तिनं मान्य करून टाकलं. पट्टी मात्र स्वतःच्या नावावर लावून घेणार होती. "ज्याच्या नावावर पट्टी, त्याला ऊठ म्हणायला दहा वेळा विचार करावा लागतो," हे तिचं कारण.

विक्रीकराचं मला नीट ठाऊक नव्हतं, म्हणून वरच्या मजल्यावरच्या कर सल्लागारांना विचारून आले. ते म्हणाले, लोकांचा माल नुसता कांडून दिला तर हा कर नाही, मिरची विकत घेऊन मसाला विकला आणि धंदा फार वाढला तर लागेल. अक्का खूश झाली. "मग आधी कांडू. आणि तो कर भरायची पाळी आली ना, तर तुला पेढे देईन." कर भरायची वेळ यावी म्हणून वाट पाहणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

जागा तर फुकट मिळत होती. थोरल्या दिरांचं घर हमरस्त्याला, पडवी रिकामी. "भाडं कसलं, घरच्या घरात," असं ते स्वतः म्हणाले होते. अक्काचा नवरा मुंबईत नोकरीला, स्वभावानं गरीब, त्याला हे फार पसंत पडलं. अक्कानं मात्र पडवी नाकारली आणि एका चाचांचा गाळा भाड्यानं घेतला. चाचांचे दोन ट्रक होते, मुलगे आखातात होते आणि भाडं एक तारखेला लागायचं. मी म्हटलं, अक्का, वेड लागलंय का? ती म्हणाली, "फुकटच्या जागेचं भाडं कधी फिटतच नाय गो. चाचांचं महिन्याला फिटतं."

मग आम्ही खर्च मांडायला बसलो. गाळ्याचं भाडं, लाईट, पट्टा, तेल, जात्याच्या दगडाला टाकी लावायची मजुरी, पट्टी, कर. मी बेरीज करायला घेतली तर म्हणाली, "थांब, माझी मजुरी ऱ्हायली." मी पेन खाली ठेवलं. मालकिणीला कसली आलीय मजुरी, जे उरेल ते तुझंच की! तेव्हा ती जे बोलली ते मी आजतागायत विसरलेले नाही. "उरेल तो नफा. नफा घराचा, मजुरी माझी. दुसऱ्याच्या भातलावणीला गेले तर सांजच्याला हातावर पैसे पडतात. मग स्वतःच्या गिरणीत राबले तर मी काय फुकटातली?"

ते मला जाऊन लागलं. त्या दुकानात मी किती वर्षं बोटं झिजवत होते, आणि भाऊ मला दिवाळीला साडी घ्यायचा. त्या महिन्याच्या शेवटी मी भावाकडे पगार मागितला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आठवडाभर आमच्यात अबोला होता, आणि मग पगार सुरू झाला. असो, हे माझं पुराण नव्हे.

कसोटी लागली ती पहिल्याच मे महिन्यात. आमच्याकडे वर्षाचा मसाला त्या दिवसांत होतो. उन्हात मिरच्या वाळतात, घराघरात धणे-खोबरं भाजलं जातं आणि कांडपासमोर रांगा लागतात. तो महिना हातचा गेला की कांडपवाल्याचं वर्ष गेलं. थोरल्या दिरांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी गड्याबरोबर मिरचीची गोणी पाठवून दिली, सोबत पैसा नाही. अक्कानं गोणी काट्यावर ठेवली, आकडा सांगितला आणि पैसे आल्यावर कांडते म्हणाली. संध्याकाळी दीर स्वतः आले. मी त्या दिवशी तिचे कागद द्यायला तिथेच होते.

"भावकीत पैसे मागतेस? लाज नाय वाटत?"

"लाईटवाला बिल देताना भावकी बघत नाय, भावोजी. पंचायत पण बघत नाय. मी बघितली तर त्यांचं कुठून भरू?"

"घरच्या पोरीच्या लग्नाचा मसाला हाय!"

"पोरीला आहेर करीन, चांगला करीन. तो माझ्या मजुरीतून करीन. गिरणीतून नाय."

दिरांनी गोणी उचलायला लावली आणि जाता जाता सांगून गेले की भावकीतला एक दाणा या गिरणीत येणार नाही. आणि खरंच आला नाही. भावकीतले लोक मिरच्यांच्या पिशव्या घेऊन एस.टी.नं महाडला यायला लागले. तिथे कांडपाचे पूर्ण पैसे मोजायचे, वर जाण्यायेण्याचं तिकीट, वर पिशवीचं लगेज, वर उन्हात अर्धा दिवस खोटी! घरच्या गिरणीत चार पैसे द्यायला लाज वाटत होती, परक्याला दुप्पट द्यायला वाटत नव्हती. आमच्या मूळ गावची गिरणीही अशीच भावकीनं फुकट दळून दळून बसवली होती, आणि बसल्यावर तेच लोक गिरणीवाल्याला धंदा जमला नाही म्हणून नावं ठेवत होते. संताप येतो मला, अजून येतो.

अक्काचे दिवस वाईट गेले. कांडपापुढे दुपारी कुत्रं बसलेलं असायचं. नवरा मुंबईहून आला आणि म्हणाला, "एकदा दळून दे ना, मिटव." अक्का म्हणाली, "एकदा दिलं की तोच भाव ठरतो." तो जाताना स्वतःचं दळण मुद्दाम दळून घेऊन गेला आणि पैसे गल्ल्यात टाकून गेला. गरीब स्वभावाच्या माणसाची ती केवढी हिंमत! चाचांनीही एका महिन्याचं भाडं सोडायची तयारी दाखवली. अक्का म्हणाली, "चाचा, भाडं सोडलंत तर पुढं दळण फुकट मागाल." चाचा खो खो हसले. "मागणारच होतो," म्हणाले, आणि भाडं घेऊन गेले. घाटातून उतरणारे ड्रायव्हर, नाक्यावरचे हॉटेलवाले यांच्या कामावर तिनं कसंबसं तगवलं. बाकी सगळं भरलं. स्वतःची मजुरी तेवढी निम्मी करून घेतली. "बंद नाय करणार," मला म्हणाली. "निम्मी का होईना, रोज घेणार. एकदा बंद केली की सवय मोडते." त्या वेळी मात्र तिचे डोळे भरले होते.

आणि मग एके दुपारी तिची थोरली जाऊ आली. होय, त्याच दिरांची बायको. डोक्यावर मिरच्यांची पाटी आणि मुठीत पैसे, कोंबडीची अंडी विकून साठवलेले. "दळून दे," म्हणाली. मिरच्या कांडून होईपर्यंत ओट्यावर बसून राहिली आणि उठता उठता हळूच विचारलं, "तू रोज किती घेतेस गो?" अक्कानं सांगितलं. जाऊ म्हणाली, "मिरच्या भाजायला बाय लागेल ना तुला?"

दीर दुसऱ्या दिवशी धावतच आले. माझी बायको मजुरी करणार? अक्का म्हणाली, "घरी करत होती तेच करतेय, भावोजी. इथं पैसे मिळतात, एवढंच." जाऊ भट्टीपुढून उठलीसुद्धा नाही. मिरचीच्या खाटानं दिरांना ठसका लागला आणि शिव्या अर्ध्यातच राहिल्या. घरची थोरलीच तिथे बसल्यावर भावकी किती दिवस एस.टी.ची तिकिटं काढणार? एकेक करून आले सगळे. काट्यावर पिशवी ठेवायची आणि नजर दुसरीकडे ठेवून पैसे द्यायचे.

पुढे अक्कानं तयार मसाला विकायला सुरुवात केली आणि काही वर्षांनी एक दिवस माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा आणून ठेवला. विक्रीकराची नोंदणी करायची होती! त्या पेढ्याइतकं गोड मी आयुष्यात काही खाल्लं नाही, खरंच सांगते.

पण मिरचीची धूळ कुणाला सोडत नाही. अक्काची छाती भरत गेली. डॉक्टर म्हणाले गिरणीत बसू नका, ती तोंडाला फडकं बांधून बसली. पन्नाशी गाठली न गाठली तोच गेली. मी तेराव्याला पोलादपूरला गेले. अंगण माणसांनी भरलं होतं. कुठल्याशा पुढाऱ्याचं बोलून झालं आणि थोरले दीर उभे राहिले. म्हातारे झाले होते, आवाज खरोखरच कापत होता. म्हणाले, "फार मोठ्या मनाची बाय. घरासाठी राबली, पण कधी कुणाकडं काय मागितलं नाय."

लोकांनी माना डोलावल्या. मला उठून ओरडावंसं वाटलं, पण माझा तो अधिकार नव्हता. ज्यांचा होता त्या बायकांमधून उठल्या.

"खोटं बोलू नका," थोरली जाऊ नवऱ्याला सगळ्यांदेखत म्हणाली. "मागत होती ती. रोज मागत होती, रोज घेत होती. तुमच्याकडनं पण घेतले तिनं. गेलेल्या माणसाला फुकटातली करू नका."

दीर खाली बसले. जाऊबाईंनी पदर खोचला आणि भावकीकडे तोंड केलं.

"उद्यापासून गिरणी चालू हाय. मी बसणार हाय. दळण आणा आणि पैसे आणा."

मागून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "भाव तोच ना?"

"नाय," त्या म्हणाल्या. "लाईट वाढली."