डाग न पडणारे लंगोट

"बाळाची शी कधीपासून पांढरी आहे?" निदान सांगताना मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं. माझी स्नेहल त्या दिवशी सत्त्याण्णव दिवसांची होती.

आजाराचं नाव बिलिअरी अट्रेसिया. लिव्हरमधून आतड्यात पित्त नेणाऱ्या नळ्या बंद असतात. पित्त आतच साचतं आणि लिव्हर खराब करतं. शीचा पिवळा रंग पित्ताचा असतो. पित्त उतरलं नाही की शी पांढरट होते.

बाळंतपण माझ्या माहेरी, वसईजवळच्या गास गावी झालं. आमच्याकडे बाळंतिणीला पाण्यात हात घालू देत नाहीत. बाळाला न्हाऊ घालायला आणि लंगोट धुवायला जानकीमावशी यायची. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "बाय, पोरीच्या लंगोटाला डागच नाय पडत. शी चुन्यासारखी हाय."

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, बी.एस्सी. म्हटलं, "मावशी, दुधावरचं बाळ आहे. दुधासारखीच होणार ना."

"मंग माजी पोरा काय चहावर व्हती? सगल्यांची पिवलीच व्हायची."

मी हसले. उठून बघितलं मात्र नाही.

डोळे पिवळे होते, पण नवजात बाळाची कावीळ आपोआप जाते असं मी वाचलं होतं. दीड महिन्याच्या डोसला गेलो तेव्हा वसईच्या डॉक्टरांनी शीचा रंग विचारला. मी म्हटलं, "नॉर्मल." अंगठा उठवणाऱ्या बाईचं म्हणणं डॉक्टरांना काय सांगायचं, असं वाटलं होतं.

तीन महिने झाले तरी कावीळ गेली नाही, तेव्हा मुंबईला नेलं. या आजारावर आतडं थेट लिव्हरला जोडायचं ऑपरेशन असतं. "दोन महिन्यांच्या आत आला असतात तर आशा जास्त होती," डॉक्टर म्हणाले. तरी ऑपरेशन केलं. तीन आठवडे वॉर्डात काढले. शीचा रंग बदलायची वाट बघत होते. बदलला नाही. पोट फुगत गेलं. आठव्या महिन्यात स्नेहल गेली.

मावशी भेटायला आली. मी म्हटलं, "तू सांगितलं होतंस गं."

"सांगलं ना बाय. पन जोर नाय केला," म्हणून तीच रडायला लागली.

पुढे मुंबईच्या डॉक्टरांकडून कळलं, काही देशांत शीच्या रंगांचं कार्ड आईच्या हातात देतात. लंगोट त्याच्याशी ताडून बघायचा. आजार लवकर सापडावा म्हणून. मावशीकडे असलं कार्ड नव्हतं. नुसती नजर होती.

तुमच्या घरी तान्हं असेल, तर रोज उजेडात स्वतः बघा. कावीळ दोन आठवड्यांवर राहिली किंवा शी पांढरट, मातकट दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लंगोट धुणारी बाई काही म्हणाली, तर तिच्याच शब्दांत सांगा.

तीन वर्षांनी मुलगा झाला. चौथ्या दिवशी मावशीने लंगोट माझ्यापुढे पसरला. "बग आता."

हळदीसारखा पिवळा. मी बघतच राहिले. तो लंगोट मी तिला धुवू दिला नाही.