कोपऱ्यापर्यंत पोचणारी लेन्स

न्हाणीघराची डार्करूम करून मी आणि माझी बायको सुधा लाल दिव्याखाली उभे होतो. फोटो मोठा करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरमध्ये सासूबाईंच्या शाळेच्या संमेलनाची जुनी, मोठी चौकोनी निगेटिव्ह होती. त्यांचा शाळकरी वयातला हा एकच फोटो, आणि त्यातही त्या अगदी कोपऱ्यात.

यंत्राबरोबर मिळालेली लेन्स चकचकीत होती, पण छोट्या फिल्मसाठीची. तिच्यातून मधल्या खुर्चीतले अध्यक्ष हारासकट झळकले आणि चारही कोपरे काळोखात बुडाले.

"अहो, अध्यक्षांच्या मिशा मोजून झाल्या असतील, तर माझी आई शोधा," सुधा म्हणाली.

मग जुन्या बाजारातून आणलेली ऐंशी मिलिमीटरची लेन्स लावली. दिसायला अगदीच बापुडवाणी, पण मोठ्या निगेटिव्हसाठी घडवलेली. लेन्स निवडताना मध्याकडे बघूच नये. मधोमध बसलेला माणूस कुठल्याही काचेतून रुबाबदारच दिसतो. तशी व्यवस्थाच केलेली असते. काच कशी आहे, ते कडेला उभ्या असलेल्यांना विचारावं. समारंभ कसा झाला, तेही त्यांनाच.

कागदावर प्रकाश पाडला आणि तो ट्रेमधल्या डेव्हलपरच्या रसायनात सोडला.

"आली, आली!" सुधानं माझा दंड असा धरला की ट्रे हिंदकळला.

कोपऱ्यात दोन वेण्यांची मुलगी उमटत होती, रिबिनीच्या गाठीपर्यंत स्वच्छ. सगळी शाळा कॅमेऱ्याकडे बघत होती. ती एकटी अध्यक्षांकडे बघून, तोंडावर हात धरून हसू दाबत होती.

"बघा!" सुधा ओरडली. "आणि सगळे म्हणतात, मी बाबांवर गेलेय!"