वैतागाचे दोन अर्थ

धारला आमच्या शेजारी राहणारे तात्या दरबारात भाषांतराचं काम करीत. कोणी चिडून त्यांच्याकडे आलं, की ते आधी बसायला पाट देत आणि मग विचारीत, "नक्की काय झालंय? कंटाळा, वीट, उबग, त्रागा की वैताग?" एकदा गवळी म्हणाला, "तात्यासाब, इनी भैंस से तो हूँ तंग अई ग्यो!" तात्या शांतपणे म्हणाले, "कंटाळला असशील, तर उद्या पुन्हा दूध काढशील. वीट आला असेल, तर विकून टाक." गवळी हसत गेला. संध्याकाळी तात्या तळ्याकाठी एकटेच फिरत. पाण्यावर धूसर उजेड असे आणि त्यांचे ओठ शब्द चाखल्यासारखे हलत असत.

माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. एका पहाटे आमचे हे घर सोडून गेले. उशीखाली चिठ्ठी होती : 'वैतागून जात आहे.' थोरल्या दिरांनी ती चिठ्ठी उचलून दरबारात नेली. धाकट्या भावाने संन्यास घेतला, संसार सोडलेल्याचा जमिनीवर हक्क उरत नाही, तेव्हा त्याचा वाटा आपल्याला मिळावा, असा त्यांचा अर्ज होता. माझ्या माहेरी कोणी उरलं नव्हतं. मी कुठे जाणार होते?

न्यायाधीशांनी तात्यांना त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी पडद्याआड उभी होते.

"कंटाळलेला बसून राहतो," तात्या म्हणाले. "विटलेला तोंड फिरवतो. त्रागा करणारा आपलंच कपाळ बडवून घेतो. वैतागलेला उठून चालू लागतो, सरकार, पण मन निवलं की परततो. या गृहस्थाने जाताना अडकित्ता नेलाय. संन्याशाला सुपारी कशाला?"

कचेरीत हशा पिकला. न्यायाधीशांनी वर्षभर वाट पाहायचं ठरवलं.

ते वर्ष मला पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवतं. माणसं बोलत, मला नुसते ओठ दिसत. मग मुदत सरायच्या आधीच, चैत्रातल्या एका दुपारी दाढी वाढलेला एक माणूस अंगणात येऊन उभा राहिला.

"पाणी देतेस?" तो म्हणाला.

आवाज यांचाच होता. कुठे होतात, ते मी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

पुढे तात्या देवासला लेकीकडे राहायला गेले. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेले, तेव्हा ते खिडकीतून टेकडीकडे पाहत पडले होते.

"मुली, एक सांगायचं राहिलंय," ते म्हणाले. "जुन्या लोकांच्या बोलण्यात वैताग म्हणजे वैराग्यच. तो अर्थ मला ठाऊक होता."

"मग तेव्हा का नाही सांगितलात?"

"पडद्याखालून तुझी पावलं दिसत होती. थरथरत होती. जन्मात तेवढा एकदाच अर्धा अर्थ सांगितला."

ते झोपेपर्यंत मी त्यांचे पाय चेपत बसले.